गाडीतलं घर : आधी रात्र आखा, मग दिवस

जुनी व्हॅन घेऊन तिची कॅम्पर, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी गाडी करायची, या विषयावर वाचकांनी बरेच प्रश्न पाठवले. काहींनी सोबत आराखडेही जोडले. त्या आराखड्यांत एक गोष्ट सारखी दिसली: गाडी नेहमी दिवसाची काढलेली असते. टेबल मांडलेलं, पलंगाचा सोफा झालेला, मधली वाट मोकळी. रात्री पलंग पसरल्यावर पिशव्या कुठे जातात, एक जण झोपलेला असताना दुसरा उठून दारापर्यंत कसा पोचतो, हे कागदावर कुणी काढत नाही. माझं मागणं एवढंच, की तो रात्रीचा आराखडा आधी काढा. दिवसाची सोय त्यातून बहुतेक वेळा आपोआप निघते. उलटं केलं तर निघत नाही.

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त शिक्षक, साताऱ्याचे. ३३५० मिमी व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) जुनी फोर्स ट्रॅव्हलर घेतली आहे. मिस्त्री म्हणतात, पलंग मागे आडवा टाकू, म्हणजे पुढे जागा जास्त मिळेल. माझी उंची ५ फूट १० इंच. पत्नीचे गुडघे दुखतात. पलंग आडवा बरा की उभा?

उभा, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने. आणि माझं ऐकाल तर एक डबल पलंग नको, दोन सिंगल करा, मधून वाट ठेवा.

आडव्या पलंगाचं गणित आधी बघू. माणूस पाय ताणून झोपतो तेव्हा डोक्याकडे आणि पायाकडे मिळून निदान ४ इंच लागतात. म्हणजे तुम्हाला ६ फूट २ इंच हवेत. आता टेप घेऊन गाडीत जा आणि रुंदी गादीच्या उंचीवर मोजा, जमिनीवर नको, कारण पत्रा वर जाताना आत झुकतो. त्यातून दोन्ही बाजूंचं इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर), पट्ट्या आणि प्लाय यांचे मिळून तीन-चार इंच वजा करा. तुमच्या उंचीच्या माणसाला पुरेल एवढी रुंदी हाती राहत नाही. रोज गुडघे दुमडून किंवा तिरकं झोपावं लागेल.

दुसरी अडचण पत्नीची. आडव्या डबल पलंगावर आत झोपणाऱ्याला रात्री उठायचं तर बाहेरच्याला ओलांडावं लागतं. शिवाय खाली सामान बसावं म्हणून मिस्त्री हा पलंग अडीच-तीन फूट उंच करतात. दुखऱ्या गुडघ्यांना तो रोजचा डोंगर होईल.

म्हणून दोन्ही भिंतींना लागून प्रत्येकी २ फूट रुंदीचे दोन पलंग आणि मध्ये १८ इंचांची वाट. २ फूट कमी वाटतील, पण रेल्वेच्या बर्थएवढीच ती रुंदी आहे. उंची गादीसकट १७-१८ इंच ठेवा, घरातल्या खुर्चीएवढी, म्हणजे बसताना-उठताना गुडघ्यावर भार येणार नाही. दोघांनाही एकमेकांना न उठवता उतरता येतं, आणि दिवसा हेच समोरासमोरचे दोन बाक होतात. कधी पलंग जोडून हवा असेल तर दोन्ही पलंगांच्या आतल्या कडांना खालून एकेक पट्टी ठोकून घ्या आणि १२ मिमी प्लायच्या तीन फळ्या त्यांवर आडव्या टाका. दिवसा पाठीला लागणाऱ्या उशा त्या फळ्यांवर बरोबर बसतील अशा मापाच्या शिवून घ्यायच्या. फळ्या एरवी गादीखाली जातात.

रोज रात्री मोडून-जोडून करायचा पलंग, म्हणजे टेबल उतरवा, खांब काढा, चार गाद्या कोड्यासारख्या बसवा, हा प्रकार मी कुणालाच सुचवत नाही. दिवसभर गाडी चालवून आल्यावर तो नकोसा होतो, आणि मग माणसं कायम पसरलेल्या पलंगावरच जेवायला लागतात.

मिस्त्रींना लाकूड आणायला सांगण्याआधी गच्चीवर खडूने गाडीचं आतलं माप आखा. चाकांचे उंचवटेही काढा, ते विसरले की खालचे सगळे खण चुकतात. किराणा दुकानातून खोकी आणून पलंग, ओटा, फ्रिज मांडा. मग संध्याकाळी दिवा न लावता दोघांनी त्यात वावरा: एकाने झोपायचं, दुसऱ्याने पाणी घ्यायचं, दारापर्यंत जायचं. खोकं कुठे पडतं ते लगेच कळेल.

प्रश्न : नाशिकहून. ४०२० मिमीची ट्रॅव्हलर, आम्ही पाच जण. टपावर २०० लिटरची टाकी बसवली की पंप लागणार नाही आणि आत जागाही वाचेल, असा विचार आहे. कसा वाटतो?

टपावर नको. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो, म्हणजे २०० किलो वजन गाडीच्या सर्वांत उंच जागी जाईल. तुमचा रोजचा रस्ता कसारा घाटाचा. वळणावर गाडी कलते तेव्हा वरचं वजन तिला आणखी बाहेर ओढतं. टाकी अर्धी भरलेली असेल तर जास्त वाईट, कारण पाणी एका बाजूला धावतं आणि गाडी सावरत असतानाच उलटा धक्का देतं. टपाचा पत्राही एवढा भार एका ठिकाणी पेलण्यासाठी केलेला नसतो.

पाणी खाली ठेवा, चाकांच्या दोन्ही आसांच्या मध्ये, शक्यतो मागच्या आसाच्या जरा पुढे. एक मोठी टाकी करण्याऐवजी ४०-४० लिटरच्या दोन करा, पलंगाखाली डावीकडे एक, उजवीकडे एक. पाणी धावू नये म्हणून आत आडव्या पाट्या असलेल्या टाक्या मिळाल्या तर उत्तम. १२ व्होल्टचा छोटा पंप पाणी वर आणून देतो आणि तो चालतो मोजकी मिनिटं, त्यामुळे बॅटरीची चिंता नको. अंघोळ सोडली तर स्वयंपाक, पिणं, भांडी, हात-तोंड याला माणशी रोज ८-१० लिटर धरा. पाच जणांना ८० लिटर दीड-दोन दिवस पुरतात आणि महाराष्ट्रात त्याच्या आत पाणी भरायला कुठे ना कुठे मिळतंच. वापरलेल्या पाण्याची टाकीही आराखड्यात हवी. ती बहुतेक जण शेवटी आठवतात, आणि तोवर खाली जागा उरलेली नसते.

आता वजनाचं. गाडी रिकामी असतानाच वजनकाट्यावर न्या आणि तीन पावत्या घ्या: पूर्ण गाडी, फक्त पुढची चाकं काट्यावर, फक्त मागची चाकं. आरसीवर लिहिलेल्या कमाल वजनातून रिकामं वजन वजा केलं की तुमच्या हातात किती किलो आहेत ते कळतं. त्यातून पाच माणसं आधी काढा. सरासरी ६५ किलो धरले तरी ३२५ झाले. मग पाणी, बॅटरी, सिलिंडर, कपडे. उरेल ते लाकडासाठी. १८ मिमी वॉटरप्रूफ प्लायचा ८ बाय ४ चा एक ताव साधारण ३५ किलोंचा असतो, १२ मिमीचा २३ च्या आसपास. घरच्या फर्निचरची सवय असलेले मिस्त्री सगळीकडे १८ मिमी वापरतात. त्यांना ठामपणे सांगा: सांगाडा ॲल्युमिनियमचा, पलंगाला १२ मिमी, कपाटांच्या दारांना त्याहून पातळ. काम अर्धं झाल्यावर आणि पूर्ण झाल्यावर पुन्हा काटा करा. एका बाजूला ओटा, फ्रिज आणि बॅटरी असं सगळं आलं असेल तर गाडी त्या अंगाला बसलेली नुसत्या डोळ्यांनीही दिसते.

प्रश्न : मी रत्नागिरीची. मला ओटा अगदी मागे हवा आहे, आमचे हे म्हणतात सरकत्या दाराजवळ. मासे तळायचे असतात, वास आत नको. आणि गॅस ठेवावा की इंडक्शन?

ओटा सरकत्या दाराजवळच करा, दाराच्या मागच्या कडेपासून सुरू होऊन थोडा दाराच्या पोकळीत आलेला. दार उघडलं की शेगडी उघड्यावर येते आणि तुम्ही बाहेर उभ्या राहूनही तळू शकता. मात्र चढ-उतार करायला दाराची दोन फूट जागा मोकळी राहायला हवी. पाठीमागचं दार पलंगाकडून आतून उघडता आलं पाहिजे. झोपणारी माणसं आणि बाहेर पडायचा एकमेव रस्ता यांच्यामध्ये शेगडी येत असेल, तर तो आराखडा कितीही सुंदर असो, बाद करा.

घरगुती गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, खाली, पलंगाखालच्या खणांत साचतो. म्हणून सिलिंडर ५ किलोचा घ्या, त्याचा खण आतल्या बाजूने पूर्ण बंद करा आणि त्याच्या तळाला थेट गाडीबाहेर उघडणारं भोक ठेवा. ते भोक सायलेन्सरच्या नळीच्या वर येत नाही ना, हे खाली वाकून बघा. गाडी चालू असताना रेग्युलेटर बंद. पावसात दारं-खिडक्या लावून शेगडी पेटवायची नाही, ऊब यावी म्हणून तर कधीच नाही. बंद जागेत शेगडीपासून तयार होणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा अलार्म पलंगाजवळ लावा आणि अग्निशामक दाराशी, बाहेरून हात पोचेल असा.

इंडक्शनचा हिशेब असा: १०० अँपिअर-तासांच्या १२ व्होल्ट लिथियम बॅटरीत साधारण १२८० वॅट-तास वीज असते. १५०० वॅटचं इंडक्शन अर्धा तास पूर्ण जोरात चाललं की ७५० गेले, इन्व्हर्टरमधली गळती वेगळी. म्हणजे वरण-भात आणि एक भाजी एवढ्यातच निम्म्याहून जास्त बॅटरी संपली. कोकणात पावसाळ्यात टपावरच्या पॅनेलवर विसंबून ती भरत नाही. तुमच्यासाठी गॅस. मासे बाहेर तळा, वास पडद्यात आणि गाद्यांत एकदा बसला की धुऊनही लवकर जात नाही.

किनाऱ्यावरच्या गाडीला आणखी एक सांगते. प्लायमागे पत्र्यावर दमट हवेचं पाणी धरतं आणि खाऱ्या हवेत पत्रा आतून गंजतो, बाहेरून कळत नाही. एसीच्या डक्टला लावतात तो काळा नायट्राइल रबराचा शीट पत्र्याला पूर्ण चिकटवून घ्या, मध्ये पोकळी ठेवू नका. टपावर एक पंखा आणि खालच्या बाजूला एक झरोका, दोन्ही हवेत.

प्रश्न : ठाण्याहून. आईचं वय ७०, तिला मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. विचारायला संकोच वाटतो, पण छोट्या गाडीत शौचालय करावं का?

संकोच कशाला, प्रवासाला जाणाऱ्या कितीतरी बायका याच एका कारणाने दिवसभर पाणी कमी पितात. आईंसाठी शौचालय हवंच. बंद खोली करायची गरज नाही. सुटं, खाली काढता येणारी टाकी असलेलं शौचपात्र घ्या. ते सव्वा-दीड फूट लांब-रुंद असतं. त्याखाली दोन-तीन इंचांचा चौथरा द्या, कारण ही पात्रं आपल्या घरच्या कमोडपेक्षा बुटकी असतात. भोवती छतापासून जाड पडदा.

जागा आईंच्या पलंगापासून दोन-तीन पावलांवर, मध्ये पायरी किंवा चप्पल येणार नाही अशी. हाताला दांडा द्या, पण तो प्लायला नको, गाडीच्या लोखंडी बरगडीत नट-बोल्टने बसवा. आधार घेताना पूर्ण भार त्यावर येणार आहे. रात्रीसाठी घोट्याच्या उंचीवर मंद पिवळा दिवा. आणि पात्र दाराच्या जवळ असू द्या: २० लिटरची भरलेली टाकी कुणाला तरी उचलून खाली न्यायची आहे. ती मुक्कामाच्या ठिकाणच्या शौचालयातच रिकामी करा, ओढ्यात किंवा रस्त्याकडेला अजिबात नाही.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं आणि गोठू द्यायचं नसतं. त्यामुळे बर्फाची पेटी चालणार नाही, १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज घ्या. त्याची तार आणि फ्यूज दिव्यांपासून वेगळे ठेवा, म्हणजे रात्री मुख्य बटण बंद केलं तरी फ्रिज चालू राहील. त्याच्या मागे हवा खेळायला जागा सोडा. डोळ्यांसमोर दिसेल असा लहान थर्मामीटर आत ठेवा.

प्रश्न : इंग्लंडमधल्या रेडिंगहून. फियाट ड्युकाटो घ्यावी की फोर्ड ट्रान्झिट? आडवा पलंग हवाच आहे. मी ५ फूट ९ इंच.

आडवा पलंग हवाच असेल तर ड्युकाटो. तिची आतली रुंदी १८७ सेंमी आहे, ट्रान्झिटची १७८. तुमची उंची १७५ सेंमी. ट्रान्झिटमध्ये इन्सुलेशन लावल्यावर डोकं आणि पाय दोन्ही भिंतीला टेकतील. ड्युकाटोतही पलंगाच्या पट्ट्यात इन्सुलेशन पातळ ठेवा, बाकी भिंती जाड चालतील.

प्रश्न : सांगलीहून. आमच्याकडे मारुती ईको आहे, आम्ही दोघं आणि सहा वर्षांचा मुलगा. मागची सीट काढून पक्कं फर्निचर केलं तर आरटीओची अडचण येते का? एरवी गाडी रोज दुकानाच्या कामाला लागते.

येते. आसनसंख्या आरसीवर नोंदलेली असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. अपघात झाला तर विमा कंपनीही हाच मुद्दा काढू शकते. कॅम्पर म्हणून रीतसर नोंद करायची असेल तर हत्यार हातात घेण्याआधी आरटीओत लेखी अर्ज करा. पण रोज कामाला लागणाऱ्या गाडीचं ते करूच नका.

तुमच्यासाठी सुटी पेटी योग्य. मागच्या दाराशी बसणारी एक पेटी, तिच्यात दाराकडे ओढायचा शेगडीचा ड्रॉवर, वर बिजागरीने तीन पदरी दुमडणाऱ्या फळ्या. शनिवारी दोघांनी उचलून ठेवायची, सोमवारी काढायची. गाडीला एकही भोक न पाडता ती सामान बांधण्याच्या कड्यांना पट्ट्याने आवळा.

मागच्या सीटची पाठ दुमडते का, ते आधी बघा. दुमडत असेल तर फळ्या तिच्यावरून जातील. दुमडत नसेल तर फळ्या पाठीच्या वरून न्याव्या लागतील आणि झोपल्यावर छत नाकाशी येईल. गाडीची बाहेरची रुंदीच १४७५ मिमी आहे, त्यामुळे आत तिघांची झोप मुलगा लहान आहे तोवरच. आताच एक तंबू घेऊन ठेवा, मागचं दार वर उघडून त्याला जोडता येईल असा. गाडी चालू असताना मुलाला पेटीवर किंवा फळ्यांवर बसवू नका. त्याची जागा मूळ सीटवर, पट्टा लावून. म्हणजे जाताना फळ्या दुमडलेल्या आणि सीट सरळ, हे धरूनच पेटीची लांबी काढा.