लघवीत साखर तीन प्लस, म्हणून गोळी बंद करायची का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय त्याप्रमाणे वडिलांना दीड महिन्यापूर्वी अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली, इकोत हृदयाचं पंपिंग ३५ टक्के आहे. शुगर १४० पर्यंत उतरली, पण लघवीत साखर तीन प्लस दिसली म्हणून शेजारी एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी बंद करा म्हणतात.

बंद करू नका. ही गोळी साखर लघवीवाटेच बाहेर काढते, त्यामुळे हा रिपोर्ट तसाच येणार. आणि शुगर उतरली म्हणून तिचं काम संपत नाही. २०१९ च्या डापा-एचएफ अभ्यासात याच जातीच्या डापाग्लिफ्लोझिनचा फायदा पंपिंग ४० टक्क्यांच्या आत असलेल्या, मधुमेह नसलेल्या रुग्णांनाही झाला. चमत्कार मात्र नाही: अटॅकनंतर लगेच एम्पाग्लिफ्लोझिन देऊन पाहिलेल्या २०२४ च्या अभ्यासात मृत्यू फारसे घटले नाहीत, हार्ट फेल्युअरसाठी भरती होणं कमी झालं.

खरी काळजी भुसावळच्या मे महिन्याची. ४५ अंशात घाम, वर लॅसिक्स (लघवी वाढवणारी गोळी), त्यात ही गोळी. तिन्ही मिळून अंगातलं पाणी ओढतात. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाआधी, एकाच काट्यावर वजन घ्या. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पाणी साचतंय. वजन घटून उभं राहताना चक्कर येत असेल तर अंग सुकतंय. दोन्ही वेळा डॉक्टरांना फोन. लॅसिक्सचा डोस तेच बदलतील. उन्हाळा आहे म्हणून तांब्यामागून तांब्या पाणीही पाजू नका, सांगितलेली मर्यादा पाळा.

उलट्या, जुलाब किंवा नवरात्राचा कडक उपवास असेल, तर एम्पाग्लिफ्लोझिन थांबवून डॉक्टरांना कळवा. नीट जेवण सुरू झाल्यावर एक-दोन दिवसांनी पुन्हा. ऑपरेशन ठरलं तर तीन दिवस आधी बंद. इन्सुलिन चालू असेल तर ते स्वतःहून कधीच तोडू नका. मळमळ, पोटदुखी, धाप असेल आणि ग्लुकोमीटर १८० दाखवत असेल, तरी रक्तात कीटोन (रक्त आम्लधर्मी करणारे पदार्थ) वाढलेले असू शकतात. कॅज्युअल्टीत या गोळीचं नाव आधी सांगा, नाहीतर शुगर बघून घरी पाठवतील. जांघेत खाज आली तर बुरशी समजा. लघवीनंतर पाण्याने धुऊन कोरडं करायची सवय लावा.

शुगरची दुसरी गोळी ग्लिमेपिराइडही चालू आहे, तेव्हा शुगर एकदम खाली जाऊ शकते. मेटोप्रोलॉलमुळे (हृदयाचे ठोके कमी करणारी गोळी) तेव्हाची थरथर, धडधड नीट जाणवत नाही, घाम मात्र फुटतो. ग्लिमेपिराइडचा डोस कमी करायचा का, हे पुढच्या भेटीत विचारा.

आणि जुन्या स्ट्रिपच्या मागचं बारीक अक्षर आज वाचाच. ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनच्या जोडगोळीत बऱ्याचदा पायोग्लिटाझोन हे शुगरचं तिसरं औषधही असतं. ते पाणी साठवतं, ३५ टक्के पंपिंगला अजिबात चालत नाही.