डॅफ्नियाचा आरएनए काढण्याआधी

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. डॅफ्निया मॅग्ना या गोड्या पाण्यातल्या बारीक प्राण्यावर (पाणपिसूवर) तापमानाचा ताण देऊन जनुकांचं काम कसं कमी-जास्त होतं, ते आरएनए (चालू जनुकावरून बनणारी प्रत) मोजून पाहण्याचा तुझा आराखडा वाचला. प्राणी छान निवडलास. चांगल्या दिवसांत मादी नराशिवाय पिल्लं देते, त्यामुळे एकाच मादीपासून वाढवलेल्या वंशात जनुकं जवळजवळ सारखीच राहतात.

पण 'तापमानाचा परिणाम' म्हणायची घाई करू नकोस. 20 अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरला साधारण 9.1 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, 30 अंशांना 7.6च्या आसपास. शिवाय गरम पाण्यात प्राणी जास्त श्वास घेतात आणि खाद्य म्हणून टाकलेलं, उरलेलं शैवाल लवकर कुजतं. ऑक्सिजन घटला की डॅफ्निया हिमोग्लोबिनची (ऑक्सिजन वाहणाऱ्या लाल प्रथिनाची) जनुकं चालू करते, आणि पारदर्शक प्राणी काही दिवसांत तांबूस दिसू लागतो. म्हणजे तुझ्या गरम बीकरमध्ये हिमोग्लोबिन वाढलेलं दिसलं, तर ते उष्णतेमुळे की ऑक्सिजनमुळे? प्रत्येक बीकरचा ऑक्सिजन रोज मोज, आणि 20 अंशांवरच ऑक्सिजन कमी ठेवलेला एक वेगळा गट घे. हा गट तुझ्या आराखड्यात नाही, आणि माझ्या मते तीच त्यातली सर्वांत मोठी उणीव आहे.

दुसरी गोष्ट आयांची. मादीच्या पाठीवरच्या पिशवीत भ्रूण असतात, आणि त्या भ्रूणांत पुढच्या पिढीच्या बीजपेशी. आईला बसलेला चटका एकदम तीन पिढ्यांना लागतो. म्हणून वंश निदान दोन पिढ्या त्याच माध्यमात, त्याच खाद्यावर आणि तेवढ्याच गर्दीत वाढव. प्रयोगाला तिसऱ्या विणीची, 24 तासांच्या आतली पिल्लं घे.

प्रौढ मादी वापरणार असशील तर आधी सूक्ष्मदर्शकाखाली पिशवी पाहा. भरलेली असेल, तर नळीत आईबरोबर भ्रूणांचाही आरएनए येणार. 20 अंशांना प्रौढ मादी साधारण तीन दिवसांनी कात टाकते, आणि अंड्यातल्या पिवळ्या भागाचं प्रथिन, व्हिटेलोजेनिन, बनवणारं जनुक त्या चक्राबरोबर वर-खाली होतं. एका गटात कात टाकलेल्या आणि दुसऱ्यात टाकण्याच्या बेतात असलेल्या माद्या आल्या, तर ताण न देताही फरक दिसेल.

प्राणी हलवताना रुंद तोंडाचा ड्रॉपर घे आणि त्याचं टोक पाण्याखाली नेऊन प्राणी सोड. वरून थेंब टाकलास तर कवचाखाली हवा अडकते, प्राणी पृष्ठभागावर तरंगत तडफडतो, आणि तोच तुझा नकोसा ताण होतो. गोळा करताना जाळीवरचं पाणी टिपून घे आणि मिनिटाभरात नळी द्रव नायट्रोजनमध्ये टाक. आधी सगळे नियंत्रण गटातले (ताण न दिलेले), मग सगळे उपचारित (ताण दिलेले), असं करू नकोस. एक याचा, एक त्याचा, आणि रोज त्याच वेळेला.

आरएनएची गुणवत्ता तपासताना घाबरू नकोस. यंत्र पेशीतल्या रायबोसोमच्या दोन आरएनएंची, मोठ्या 28एस आणि लहान 18एसची, शिखरं बघतं. अनेक संधिपाद प्राण्यांच्या 28एस आरएनएमध्ये एक लपलेली फट असते. नमुना तापवला की तो दोन तुकड्यांत सुटतो आणि ते 18एसच्या जागी येऊन बसतात. मग यंत्र गुणवत्तेचा गुणांक खाली दाखवतं, आरएनए चांगला असला तरी. आलेख स्वतः बघ: आधाररेषा स्वच्छ आणि शिखर टोकदार असेल, तर पुढे जा. डीएनएज (उरलेला डीएनए तोडणारं एन्झाइम) मात्र चुकवू नकोस, आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेली एक नळी प्रत्येक वेळी लाव; तिच्यात संकेत आला, तर डीएनए उरला आहे.

मोजणीच्या पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवून मोजण्याच्या पद्धतीत) हवं ते जनुक पकडणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांकडे, म्हणजे प्रायमरकडे, नीट बघ. मॅग्नाची नातलग जात डॅफ्निया प्युलेक्स, तिचा जीनोम (सगळ्या जनुकांसह पूर्ण डीएनए) 2011 साली प्रसिद्ध झाला तेव्हा सुमारे 31 हजार जनुकांचा अंदाज निघाला. त्यातली बरीच शेजारी-शेजारी बसलेल्या प्रतींतून वाढलेली. मॅग्नातही हिमोग्लोबिनची अनेक जनुकं आहेत. प्रायमर तीन प्रतींना चिकटला, तर कोणती वाढली ते कळणार नाही. पीसीआरनंतरच्या वितळण्याच्या आलेखात एकच शिखर (म्हणजे एकच तुकडा वाढला) आणि दर फेरीत प्रती दुप्पट होण्याची कार्यक्षमता 90 ते 110 टक्के, एवढं तरी हवं. संदर्भ जनुक (ज्याच्याशी बाकीची तोलायची, ते स्थिर जनुक) म्हणून तू जीएपीडीएच लिहिलं आहेस, ते काढ. ते ग्लायकोलिसिसमधलं (साखर तोडून ऊर्जा काढण्यातलं) एन्झाइम आहे आणि ऑक्सिजन कमी झाल्यावर स्वतःच वाढू शकतं. चार-पाच उमेदवार तुझ्याच उपचारांत तपास आणि त्यातले स्थिर दोन-तीन ठेव.

मोजणीचं एकक बीकर, प्राणी नव्हे. एका बीकरमधले दहा जण एकच पाणी पितात, म्हणून ते एकत्र करून एक नमुना. 50 प्राण्यांचे पाच नमुने, हाच खरा आकडा.

पहिल्या चाचणीचे सीटी आकडे (पीसीआरच्या कितव्या फेरीत संकेत दिसला ते) आणि प्रत्येक बीकरच्या तापमान-ऑक्सिजनच्या नोंदी एकत्रच पाठव.

तुझा शुभचिंतक