दुकानाचा कॉम्प्युटर घेण्याआधी

सात रस्त्याजवळ मेडिकल टाकतोयस, ऐकून फार बरं वाटलं. पण कुणाचा जुना कॉम्प्युटर उचलून आणू नकोस. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच थांबला, विंडोज १० चाही ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला.

मी एकच पीसी वर्षानुवर्षं ओढला. मे महिन्यात, सोलापूरच्या उन्हात, भर दुपारी लाइट गेली आणि हार्डडिस्क बसली. बॅकअप त्याच डिस्कवर! शेड्यूल एच-१ चं, म्हणजे ठराविक अँटिबायोटिक, टीबीची आणि सवय लागणारी औषधं विकल्याच्या नोंदीचं रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. ते हाताने लिहीत होतो म्हणून वाचलं. उधारी, बॅच नंबर, एक्स्पायरी, सगळं गेलं. होलसेलरच्या बिलांवरून रात्री जागून स्टॉक परत चढवला. आता शटर ओढण्याआधी रोज पेनड्राइव्हवर बॅकअप घेतो आणि तो घरी नेतो.

सॉफ्टवेअरवाल्याला एकच विचार: माझा डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढता येतो का? नाही म्हणाला तर उठून ये. सप्टेंबर २०२५ मध्ये बहुतेक औषधांचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. असे बदल पटकन कोण करून देतं, तेही बघ.

यूपीएस घेच. आणि स्क्रीनवर एक्स्पायरी दिसली तरी पेशंटला देण्याआधी स्ट्रिप हातात घेऊन वाच.