शून्य बाइटची फाइल

प्रश्न : माझा रस्ट या प्रोग्रामिंग भाषेतला प्रोग्राम सेटिंगची फाइल पुन्हा लिहीत असताना लाइट गेली. उघडून बघतो तर फाइल शून्य बाइट! जुनी सेटिंगं कुठे गेली?

उत्तर : ‘फाइल::क्रिएट’ जुनी फाइल आधी रिकामी करतं, लिहिणं नंतर. मध्येच लाइट गेली की जुनंही गेलं, नवंही गेलं. माझी वर्षभराच्या हिशेबाची फाइल अशीच गेली, तेव्हापासून कानाला खडा. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने लिहा, ‘सिंक_ऑल’ करून मजकूर डिस्कवर पक्का उतरवा, मगच ‘रीनेम’ करून मूळ नाव द्या. फोल्डर तोच हवा. ‘/टीएमपी’ हा तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर वेगळ्या फाइल सिस्टीमवर असेल तर रीनेम एरर देतं. लिनक्सवर शेवटी फोल्डरही सिंक करा, हे भलेभले विसरतात. लिहिलेलं आधी मेमरीत साठवणारा ‘बफरायटर’ वापरत असाल तर सिंकआधी ‘फ्लश’ स्वतः करा, म्हणजे साठलेलं फाइलकडे जाईल. ड्रॉप होताना, म्हणजे काम संपून आपोआप काढून टाकला जाताना, आलेली एरर तो मुकाट गिळतो.