लाकूड कातायच्या लेथच्या पटाशांना धार : आधी खर्च नको, आधी हात बसू दे

अरे मित्रा, एवढ्यात महागडं जिग, म्हणजे धार लावताना पटाशी ठरलेल्या कोनात धरून ठेवणारं साधन, घेऊ नकोस. साधा सहा इंची बेंच ग्राइंडर बघ, सेकंडहँड मिळाला तरी चालेल, फक्त त्याचा करडा दगड काढून पांढरा ८० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दाण्याचा बारीकपणा) बसव, कारण करडा दगड लवकर गुळगुळीत होतो आणि मग कापण्यापेक्षा पटाशी तापवतच बसतो. पटाशी टेकवायचा टेकू लाकडाचा घरीच बनव, मी फणसाच्या तुकड्याचा केलाय, अजून टिकलाय.

आता मेन गोष्ट. पटाशीच्या धारेमागच्या उतारावर मार्कर फिरव, ग्राइंडर बंद ठेवून दगड हाताने जरासा फिरव आणि शाई कुठे पुसली ते बघ. फक्त टोकाला पुसली तर कोन जास्त उभा, फक्त मागे पुसली तर जास्त आडवा, सगळीकडे पुसली की मगच स्विच दाब. रफिंगच्या, म्हणजे सुरुवातीला ओबडधोबड लाकूड गोल करायच्या, गोल पटाशीला साधारण ४५ अंश ठेव. दाबायचं नाही हां, नुसतं टेकवायचं. साध्या कार्बन स्टीलची असेल तर तापून निळी पडू देऊ नको, पोलादाचं पाणी म्हणजे कडकपणा गेला की गेली ती, सारखी पाण्यात बुडवत राहा. एचएसएस (हाय स्पीड स्टील) मात्र पाण्यात बुडवू नको, तडे जातात.

स्क्यूला, म्हणजे तिरक्या धारेच्या चपट्या पटाशीला, शेवटी काचेवर वॉटर पेपर, ६०० मग १०००, बास. गॉगल घाल रे बाबा. आणि आपल्याकडे पावसाळ्यात एका रात्रीत गंज चढतो, म्हणून काम झालं की तेलाचं फडकं मारूनच ठेव.