यादीत नंबर खाली गेला म्हणून लगेच पेटू नकोस

पोरी,

तुझा तो भला मोठा मेसेज वाचला. कंपनी विकली गेली, आता दोन्हीकडच्या पायलटांची एकच सीनियॉरिटी लिस्ट होणार आणि ज्युनियर एफओंच्या म्हणजे सहवैमानिकांच्या वतीने तुला कमिटीत बसवलंय. अभिनंदन म्हणू की सांभाळून राहा म्हणू, कळेना. मी काही विमान उडवलेलं नाही, आयुष्य क्रू शेड्युलिंगमध्ये गेलं, पण त्या नंबरात काय काय अडकलेलं असतं ते आमच्या टेबलावरून चांगलं दिसायचं. कमांड म्हणजे कॅप्टनपद कधी, बेस कुठला, मोठ्या विमानावर कधी जाणार, दिवाळीला सुट्टी मिळणार का, आणि कंपनीवर वाईट दिवस आले तर आधी कोण घरी जाणार. पगारावरून झालेलं भांडण मिटतं गं, यादीवरून झालेलं वीस वीस वर्षं चालतं.

तू लिहिलंयस की यात काय एवढं, जो आधी नोकरीला लागला तो वर. दिसतं सोपं. पण आपल्याकडं भावाभावांत शेत वाटताना नुसती गुंठ्यांची मोजणी करून भागतं का? एकाच्या वाट्याला नदीकाठचा ऊस आणि दुसऱ्याच्या वाट्याला माळ आला तर मोजणी बरोबर असूनही वाटणी चुकीचीच. समोरच्या कंपनीत सहा वर्षांत कमांड मिळत होती आणि तुमच्यात बारा वर्षं लागत होती, तर नुसती वर्षं मोजून यादी केली की त्यांच्यातला कॅप्टन तुमच्या एफओच्या खाली जातो. मग दुसरी पद्धत येते, प्रमाणाची. समजा इकडं 300 कॅप्टन आणि तिकडं 100, तर तीन यांचे, मग एक त्यांचा, असं विणत जायचं, एफओंचं वेगळं विणायचं. हे बरं वाटतं, पण यात जुन्या माणसाची वर्षं पाण्यात जातात.

अमेरिकेत नेमकं हेच झालं. 2005 मध्ये यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट या विमान कंपन्या एक झाल्या, 2007 ला जॉर्ज निकोलाऊ नावाच्या लवादाने यादी दिली. यूएस एअरवेजचे सगळ्यात सीनियर लोक वर ठेवले, बाकीचे प्रमाणात विणले, आणि जे फर्लोवर म्हणजे बिनपगारी घरी बसले होते ते तळाला. त्यामुळे सतरा वर्षं जुना पायलट समोरच्या कंपनीत नुकत्याच लागलेल्या पोराच्या खाली. लवादाचं म्हणणं असं की घरी बसलेल्याकडे नोकरीच नव्हती, मग तो विलीनीकरणात घेऊन काय आला? तर्क खोटा नाही, पण माणसं पेटली, 2008 मध्ये जुनी युनियनच मतदान करून घालवली, आणि दोन्हीकडचे पायलट वर्षानुवर्षं वेगवेगळ्या याद्यांवरच उडत राहिले. शेवटी अमेरिकन एअरलाइन्समध्ये सगळे गेल्यावर 2016 ला नवीन यादी आली. त्याआधी 2001 मध्ये टीडब्ल्यूए ही विमान कंपनी अमेरिकनने घेतली तेव्हा तर टीडब्ल्यूएच्या बऱ्याच जणांना सरळ यादीच्या खाली जोडलं, याला ते लोक स्टेपल म्हणतात, आणि 11 सप्टेंबरनंतर कपात आली तेव्हा खालून आधी तेच गेले. त्यावरूनच 2007 मध्ये तिथं कायदा झाला की यादी न्याय्य हवी, जमलं नाही तर लवाद.

आपल्याकडं तसला कायदा नाही. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स 2007 ला एक झाल्या, पण दोन्हीकडच्या लोकांची घडी बसवायला न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमली 2011 मध्ये! मधल्या चार वर्षांत कुढत बसायचं ते बसले, आणि 2012 ला ड्रीमलायनर या नव्या मोठ्या विमानाचं ट्रेनिंग कुणाला द्यायचं यावरून पायलटांचा संप झाला, जवळपास दोन महिने चालला.

म्हणून तुला माझं एकच सांगणं आहे. वर्षं की प्रमाण या वादात अडकू नकोस, दर वेळी एकच विचार, की विलीनीकरण झालंच नसतं तर हा माणूस दहा वर्षांनी कुठं असता? तुमच्या कंपनीची विमानांची ऑर्डर होती का, रिटायरमेंट किती जवळ आल्या होत्या, की पुढच्या वर्षी बंदच पडणार होती? याची उत्तरं कागदावर मागायची, आणि ती विलीनीकरण जाहीर झालं त्या दिवसाची. तारीख आधी ठरव, नाहीतर घाईघाईत प्रमोशनं वाटतात आणि कुणाला कळत नाही यादी कुठून फुगली.

आणि खरं सांगू, नंबरापेक्षा खालच्या अटी वाच. आज जो ज्या सीटवर आहे त्याला कुणी सीनियर येऊन उठवणार नाही, ही अट हवीच. तुम्ही आणलेल्या विमानांवरच्या कमांड काही वर्षं तुमच्याच लोकांना, त्यांच्या मोठ्या विमानांवर त्यांचे, असं कुंपण घालता येतं, त्याला फेन्स म्हणतात. कुंपण किती वर्षांचं आणि कधी उठणार ते मात्र तारखेसकट लिहून घे, "योग्य वेळी" असलं काही मान्य करू नकोस. मॅटर्निटीवर असलेल्या, मेडिकल अनफिट असलेल्या, ट्रेनिंग अर्धवट राहिलेल्या लोकांची नावं यादीत कुठं बसतात ते आधी बघ, त्यांच्या वतीने मीटिंगमध्ये कुणीच नसतं.

समोरच्या कमिटीतल्या पोरांशी मीटिंगच्या बाहेर पण बोलत जा, उद्या त्यांच्याच शेजारी बसून उडवायचंय. मसुदा आला की पाठव, अटींचं पान आधी. नंबर मी नंतर बघतो. आणि पुढच्या वेळी कोल्हापूरला, उजळाईवाडीच्या विमानतळावर उतरलीस तर हॉटेलात राहू नकोस, घरी ये, काकू वाट बघतीय.

तुझा,
काका