जुनी मार्टिन डी-१८ घ्यावी की जुनी गिब्सन जे-४५?

साठच्या दशकातली मार्टिन डी-१८ आणि त्याच सुमाराची गिब्सन जे-४५, या दोन्ही अकूस्टिक गिटारी तुमच्या हाताशी आहेत. आवाजाला आणि वाजवायला कुठली सरस, असं तुम्ही विचारलंय. मी ही जोडी एका दुपारी शेजारी शेजारी ठेवून वाजवली होती, आणि माझा निकाल साफ चुकला होता. आधी तेच सांगतो.

डी-१८ वर नव्याकोऱ्या तारा होत्या. जे-४५ वरच्या तारा काळवंडलेल्या, बोटांना गंजाचा वास लागेल इतक्या जुन्या. पहिल्याच जी कॉर्डला डी-१८ खणखणली आणि मी मनातल्या मनात ठरवून मोकळा झालो. काही दिवसांनी मालकाने जे-४५ वर तोच संच चढवला, तेव्हा वाटलं ही वेगळीच गिटार आहे. म्हणून दोन्हींवर एकाच कंपनीच्या, एकाच जाडीच्या ताज्या तारा चढवल्याशिवाय तुलना करूच नका. पिकही (तारा छेडायची छोटी पट्टी) एकच घ्या. आणि निम्मा वेळ दुसऱ्याला वाजवायला लावून समोर डोळे मिटून बसा. वाजवणाऱ्याच्या कानाला जे ऐकू येतं, ते समोरच्याला येतंच असं नाही.

गंमत म्हणजे दोघींचं लाकूड एकच: स्प्रूसचा टॉप (पुढची फळी), महोगनीची पाठ आणि बाजू. तरी स्वभाव वेगळे. डी-१८ च्या कॉर्डमध्ये प्रत्येक तार सुटी ऐकू येते, स्वर रेंगाळतो. जे-४५ चा स्वर ठोक्यासारखा येतो आणि लवकर बसतो. मधला पट्टा भरीव, कोरडा. गाणाऱ्याच्या पायात ती कधी येत नाही. साथीला मी डोळे झाकून तीच उचलेन, पण एकेक स्वर वेचून धून वाजवायची असेल तर डी-१८.

मात्र ‘जुनी मार्टिन’ म्हणून जिचे गोडवे वाचायला मिळतात, ती बहुतेकदा १९४४ च्या आधीची असते. तोवर टॉपच्या आतल्या पट्ट्या कोरून हलक्या केलेल्या असत. त्यानंतर जाड तारांचा ताण सोसावा म्हणून त्या सरळ, भक्कम ठेवायला लागले. साठच्या दशकातली डी-१८ चांगली असू शकते, पण ती ‘ती’ नव्हे. गिब्सनचंही तसंच. त्या काळातल्या बऱ्याच जे-४५ ना दोन स्क्रूंवर उभी असलेली, वरखाली करता येणारी सॅडल (तारा टेकतात ती पट्टी) आहे, पुष्कळदा चिनी मातीची. ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, बदलायला झकास, पण तारेची थरथर टॉपपर्यंत पोचताना कुठेतरी अडखळते. काहींनी ती काढून साधी सॅडल बसवून घेतलेली असते. तुमच्यावर काय आहे ते आधी बघा.

हाताचं म्हणाल तर जे-४५ ची स्केल (तारेची वाजणारी लांबी) साधारण ६२९ मिलिमीटर, डी-१८ ची ६४५. त्याच तारा, तेच ट्यूनिंग, तरी गिब्सनवर बोटांना कमी जोर लागतो. पण १९६५ च्या पुढच्या पुष्कळ गिब्सनचा नट, म्हणजे नेकच्या (गिटारच्या मानेच्या) वरच्या टोकाची पट्टी, ४० मिलिमीटरच्या आसपास अरुंद आहे. माझी बोटं जाडी. त्या नेकवर साधी डी कॉर्ड धरली की तिसरं बोट पहिल्या तारेला चिकटतं आणि तार मुकी होते. मार्टिनचा नट ४३ च्या आसपास, तिथे हा त्रास नाही. बारीक बोटांच्या माणसाला हा सगळा परिच्छेद फिजूल वाटेल.

ट्रस रॉडचं, म्हणजे नेकच्या आतल्या सळईचं, लोक फार बोलतात. गिब्सनला तो आहे. मार्टिनने किल्लीने फिरवता येणारा रॉड १९८५ मध्ये आणला, म्हणजे तुमच्या डी-१८ चा नेक वाकला तर किल्ली फिरवून सरळ होणार नाही. पण त्याहून मोठं दुखणं नेकच्या कोनाचं, आणि त्यावर ट्रस रॉडचा काही इलाज नाही. वर्षानुवर्षांच्या ताणाने नेक पुढे झुकतो, तारा वर उचलल्या जातात. फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या बारीक पट्ट्यांवर) लांब स्टीलची पट्टी आडवी न ठेवता नेकच्या लांबीने ठेवा आणि ब्रिजकडे (टॉपवरच्या, सॅडल धरणाऱ्या लाकडी तुकड्याकडे) सरकवा. ती ब्रिजच्या माथ्याला टेकली तर ठीक. ब्रिजच्या पोटाला आदळली तर नेक काढून नव्या कोनात बसवावा लागणार, आणि ते खर्चिक काम आहे.

त्या दुपारी मी हेही बघितलं नव्हतं. डी-१८ ची ॲक्शन लोण्यासारखी होती, बाराव्या फ्रेटवर जाड तार जेमतेम अडीच मिलिमीटर. नंतर कळलं की सॅडल घासून घासून ब्रिजच्या बरोबरीला आणली होती. तारा तिच्यावरून जवळजवळ सपाटच जात होत्या, त्यामुळे टॉपवर हवा तसा दाब पडत नव्हता. नव्या तारांच्या चकाकीत ते ऐकूच आलं नाही.

तुमच्या डी-१८ ची सॅडल ब्रिजच्या वर किती उरली आहे, ते मोजून इथेच कळवा. दोन मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर आधी नेकचा खर्च धरून भाव करा, मग पुढचं बोलू.